बुडावर सहा चिनी अक्षरं, मग थाळी जपानी कशी?

निळाई:
31 सेंमी व्यासाची निळी-पांढरी थाळी आहे. विकणारा ‘सतराव्या शतकातली इमारी’, म्हणजे जुनं जपानी पोर्सिलेन, असं म्हणतो. बुडावर दोन उभ्या ओळींत सहा चिनी अक्षरं, आणि त्याच बुडावर पाच बारीक खडबडीत ठिपके: चार चौकोनात, एक मधोमध. काठ तपकिरी. हे ठिपके भाजणीतला दोष आहेत का? आणि अक्षरं चिनी असताना ही जपानी कशी?

भट्टीकर:
दोष कसला, तीच तर जपानची खूण. आरिता या जपानमधल्या पोर्सिलेनच्या गावाची माती 1300 अंशांच्या आसपास मऊ पडते आणि रुंद थाळीचं पोट मधोमध खाली बसतं. म्हणून कुंभार बुडाखाली मातीचे छोटे टोकदार टेकू द्यायचे. जपानीत त्यांना ‘हारी’ म्हणतात, म्हणजे सुई. भाजून झाल्यावर टेकू ठोकून काढायचे. ग्लेझवर, म्हणजे वरच्या काचेसारख्या लेपावर, टोचल्यासारखी खूण उरायची, नख फिरवलं की अडकते. चीनमध्ये चिंगदच्येन या पोर्सिलेनच्या मुख्य गावात असे टेकू लावायची रीत नव्हती. उलटं मात्र धरू नका: लहान बशांना टेकू लागतच नाहीत, त्यामुळे ठिपके नाहीत म्हणून वस्तू जपानी नाही असं होत नाही.

अक्षरं बहुधा ‘महान मिंग, चेंगहुआ काळात बनवलेलं’ अशी असतील. तो काळ 1465 ते 1487. तेव्हा जपानात पोर्सिलेन बनतच नव्हतं. ते 1610 च्या दशकात आरितात सुरू झालं. तिथल्या इझुमियामाचा, पोर्सिलेनसाठी लागणारा दगड शोधल्याचं श्रेय परंपरेने री साम्पेई या कोरियन कुंभाराला देतात. चिनी मालाचा दबदबा एवढा, की जपानी कारागीर तीच मोहोर पुढे शतकानुशतकं लिहीत राहिले. ती शोभा समजा, तारीख नव्हे.

तळपाहू:
‘इमारी’वरही फार जाऊ नका. ते बंदराचं नाव. माल आरिता परिसरातला, जहाजात चढायचा इमारीला. मिंग आणि छिंग या चिनी घराण्यांच्या लढायांत चीनचा पुरवठा आटला, तेव्हा डच ईस्ट इंडिया कंपनीने 1659 मध्ये आरिताकडे मोठी मागणी नोंदवली आणि युरोपात नाव पसरलं. पण त्या नावाखाली 1660 चा मालही येतो आणि 1900 चाही.

निळाई, दोन गोष्टी बघून सांगा. दिवसाच्या उजेडात निळा कसा दिसतो, राखाडी की जांभळट? आणि 10 पट भिंगाने काठाची नक्षी पूर्ण गोल फिरून तपासा. कुठे सांधा दिसतो का?

निळाई:
निळा झगझगीत, जांभळ्याकडे झुकणारा. काठावर एका जागी वेल अर्धवट तुटते आणि पुढचं पान त्याच्यावर चढलंय. रेषा सलग नाहीत, ठिपक्या-तुकड्यांच्या आहेत.

तळपाहू:
मग निकाल लागला: मेइजी काळातली (1868 ते 1912), ‘काटागामी’ म्हणजे छिद्रं पाडलेल्या कागदी साच्यावरून छापलेली. कागद कापून काढताना मधे पूल ठेवावे लागतात, नाहीतर साचा सुटा होतो. म्हणून रेषा तुटक. सपाट कागद गोलाईवर बसवला की टोकं जुळत नाहीत, तिथे सांधा. हातच्या कामात कुंचल्याचा दाब कमीजास्त होतो, बाह्यरेषेच्या आत पातळ रंगाचे थर दिसतात.

रंगही तेच सांगतो. निळाई येते कोबाल्टमधून. जुना खनिज कोबाल्ट, ‘गोसु’, त्यात मँगॅनीज-लोहाची भेसळ असल्याने मंद, राखाडी. शुद्ध केलेला आयात कोबाल्ट 1870 च्या सुमारास आरितात आला, तो असा भडक. टेकूचे ठिपके आणि तपकिरी काठ मेइजीतही चालूच होते, त्यामुळे ते या निष्कर्षाच्या आड येत नाहीत. थाळी खोटी नाही, वय फुगवलंय. सतराव्या शतकाची किंमत देऊ नका. वापरायला आणि बघायला ही छापील भांडी मला तरी सोन्याने मढवलेल्या निर्यातीच्या फुलदाण्यांपेक्षा जास्त आवडतात.

भट्टीकर:
सहमत. घेण्याआधी डागडुजी तपासा. बोटांच्या टोकांवर तोलून नखाने हलकं वाजवा: धड थाळी लांब घुमते, तडा असेल तर आवाज बद्द आणि तुटका. अंधारात अतिनील टॉर्च मारा; रेझिनने भरलेला भाग बहुतेकदा वेगळा चमकतो. तडा मळकट दिसला तरी कपड्यांचं ब्लीच लावू नका, त्यातले क्षार आत शिरतात आणि सुकताना स्फटिक होऊन ग्लेझ उचलतात.

काठावरची:
भिंतीवर लावणार असाल तर स्प्रिंगचा हँगर टाळा, विशेषतः काठाला केसाएवढा तडा असेल तर; स्प्रिंगचा ताण रोज त्याच जागी पडतो. लावायचाच तर त्याच्या हुकांवर प्लास्टिकची नळी चढवा, आणि हँगर बसवल्यावर थाळी हाताने किंचित फिरली पाहिजे. फिरत नसेल तर ताण जास्त आहे, एक माप मोठा घ्या.