प्रॉकमधले डेटासेट ओव्हरराइड करू की प्रॉकची कॉपी काढू? सल्ला हवा

विश्रामबाग_सांगली
नमस्कार मंडळी. मी सांगलीत घरूनच काम करते, टीम पुण्याला आहे. मेनफ्रेम (मोठ्या संस्थांचा मध्यवर्ती संगणक) सपोर्टमध्ये नवीन आहे. महिनाअखेरीच्या व्याजाच्या जॉबमध्ये तीन स्टेपची एक कॅटलॉग्ड प्रॉक (लायब्ररीत ठेवलेलं तयार जेसीएल, म्हणजे जॉब चालवायच्या सूचना) आहे: स्टेप०१० सॉर्ट, स्टेप०२० व्याज काढते, स्टेप०३० रिपोर्ट. स्टेप०२० मधल्या 'मास्टर' डीडीला (प्रोग्रामला फाइल जोडून देणारी ओळ) दोन डेटासेट, म्हणजे फाइली, एकाखाली एक जोडलेत, आधी चालू खाती, मग बंद खाती. टेस्टसाठी मला फक्त बंद खात्यांच्या जागी माझी फाइल द्यायची आहे आणि आउटपुटही माझ्याच डेटासेटमध्ये हवा. प्रॉकला हात लावायची परवानगी नाही. टीममधले एक जण म्हणतात कॉपी काढ, दुसरे म्हणतात ओव्हरराइड कर, म्हणजे प्रॉक तशीच ठेवून तिच्यातली ओळ जॉबमधून बदल. तुम्ही काय करता? आणि घरी सराव करायला काही सोय आहे का?

कराडकर_बॅच
ताई, ओव्हरराइडच करा. कॉपी काढली की ती त्या दिवसापुरतीच खरी. मूळ प्रॉक पुढे बदलते, तुमची कॉपी तिथंच राहते, आणि मग आपण नेमकं काय टेस्ट केलं हेच सांगता येत नाही.

प्रॉक बोलावणाऱ्या एक्झेक ओळीच्या खाली असं लिहा:

//स्टेप०२०.मास्टर डीडी
// डीडी डीएसएन=टेस्ट.व्याज.बंद,डिस्प=एसएचआर
//स्टेप०२०.आउटफाइल डीडी डीएसएन=टेस्ट.व्याज.आउट

पहिली डीडी मुद्दाम रिकामी ठेवलीय. रिकामी म्हणजे 'पहिला डेटासेट आहे तसा राहू दे'. ती ओळ गाळून थेट तुमची फाइल दिलीत तर चालू खाती जातील, आणि बंद खात्यांची जुनी फाइल खाली तशीच जोडलेली राहील. म्हणजे हवं त्याच्या बरोबर उलटं.

आउटफाइलला फक्त डीएसएन (डेटासेटचं नाव) दिलं तरी चालतं. जे पॅरामीटर तुम्ही लिहिता तेवढेच बदलतात. डिस्प (फाइल नवी की आधीची), स्पेस (डिस्कवरची जागा), डीसीबी (रेकॉर्डची रचना) प्रॉकमधले लागू राहतात, आणि डीसीबीच्या आतलंही जे लिहाल तेवढंच बदलतं. एखादा पॅरामीटर काढूनच टाकायचा असेल तर नाव लिहून बरोबरच्या चिन्हापुढं काहीच लिहायचं नाही. डिस्प प्रॉकमध्ये न्यू असेल तर दुसऱ्यांदा चालवण्याआधी जुना टेस्ट आउटपुट डिलीट करा.

एक गोष्ट आवर्जून बघा. स्टेप०३० ती आउटपुट फाइल कशी वाचते? तिथं प्रॉडक्शनचं नाव सरळ लिहिलेलं असेल तर तीही डीडी ओव्हरराइड करावी लागेल. नाहीतर रिपोर्ट मागच्या महिन्याच्या प्रॉडक्शन फाइलवरून निघेल, जॉब शून्य रिटर्न कोडनं (म्हणजे 'सगळं ठीक') संपेल आणि आकडे बघून कुणालाही शंका येणार नाही.

सातारा_जुना_ऑपरेटर
कराडकरांचं सगळं बरोबर. मी फक्त धोक्याबद्दल सांगतो, कारण ते कुणी शिकवत नाही.

स्टेपचं नाव चुकलं तर सिस्टम तुम्हाला वाचवते. 'ओव्हरिडन स्टेप नॉट फाउंड' म्हणत जेसीएल एररवर जॉब थांबतो, काहीच चालत नाही. पण डीडीचं नाव चुकलं तर? 'आउटफाइल'च्या जागी 'आउटफाईल' लिहिलंत तर सिस्टमला ती नवीन डीडी वाटते. ती स्टेपला जोडून टाकते, तक्रार करत नाही, आणि प्रोग्राम मूळ डीडी उघडून प्रॉडक्शनच्या डेटासेटवर लिहायला जातो. पहिल्याच ओव्हरराइडला स्टेपचं नाव दिलं नाही तर तो पहिल्या स्टेपला लागतो, तिथंही हाच प्रकार.

म्हणून जॉबचं जेसीएल लिस्टिंग उघडून डाव्या कडेला बघायची सवय लावा. प्रॉकमधून जशीच्या तशी आलेली ओळ 'एक्सएक्स'नं सुरू होते. ओव्हरराइड झालेल्या ओळीला 'एक्स/' असतं, आणि तिच्या आधी तुमची ओळ छापलेली दिसते. तुमच्या ओळीखाली 'एक्स/' नसेल तर ओव्हरराइड झालेलाच नाही. पण हे जॉब चालल्यावर कळून उपयोग काय? पहिल्या वेळी जॉब कार्डवर (जॉबच्या पहिल्या ओळीवर) टाइपरन=स्कॅन देऊन टाका. जॉब चालत नाही, लिस्टिंग मात्र मिळतं. डेटासेट अस्तित्वात आहे का हे स्कॅन तपासत नाही, तेवढं लक्षात ठेवा.

आणि तुमच्या टेस्ट आयडीला रॅकएफमध्ये (मेनफ्रेमची सुरक्षा व्यवस्था) प्रॉडक्शन डेटासेटवर अपडेटचा अधिकार असेल तर तो आजच काढायला सांगा. ओव्हरराइडपेक्षा हे जास्त महत्त्वाचं आहे.

मिरज_झेडओएस
कॉपीची बाजू थोडी मांडतो. प्रॉकच्या आत दुसरी प्रॉक असेल तर आतल्या प्रॉकच्या डीडी बाहेरून जॉबमधून ओव्हरराइड होत नाहीत, एका पातळीपर्यंतच जोर चालतो. तिथं स्वतःच्या लायब्ररीत कॉपी ठेवून जेसीएललिब ऑर्डरमध्ये (प्रॉक कुठल्या लायब्ररीत आधी शोधायची ती यादी) ती लायब्ररी आधी लावणं हाच मार्ग. प्रॉकमध्ये डेटासेटच्या नावाचा पहिला भाग सिंबॉलिक (बाहेरून किंमत देता येणारा) असेल तर मात्र या कशाचीच गरज नाही, एक्झेक ओळीवर किंमत दिली की झालं. आधी प्रॉक ओळ वाचा.

सरावाला आयबीएमचं झेड एक्सप्लोर आहे, फुकट आणि खऱ्या झेड/ओएसवर (मेनफ्रेमची आजची ऑपरेटिंग सिस्टम). नेट सारखं जात असेल तर हर्क्युलिस एम्युलेटरवर (मेनफ्रेमची नक्कल करणारा प्रोग्राम) जुनं एमव्हीएस ३.८, म्हणजे झेड/ओएसचा पूर्वज, घरच्या लॅपटॉपवर चालतं. त्यावर ओव्हरराइड प्रॉकमधल्या क्रमानंच द्यावे लागतात. तो क्रम पाळायची सवय आजही चांगलीच.

विश्रामबाग_सांगली
काका, दादा, खूप आभार. स्कॅन करून बघितलं, आउटफाइलला 'एक्स/' दिसतंय. स्टेप०३० मध्ये नाव सरळ लिहिलेलंच होतं, तीही डीडी बदलली. आता एकच: स्टेप०२० ला तारीख पार्ममधून (प्रोग्रामला सुरू करताना दिलेली किंमत) जाते. ती एक्झेक ओळीवर नुसती पार्म म्हणून देऊ का?

सातारा_जुना_ऑपरेटर
नको. स्टेपचं नाव न देता पार्म लिहिलं तर ते फक्त पहिल्या स्टेपला जातं आणि बाकीच्या स्टेपचं पार्म पुसलं जातं. तुमची तारीख सॉर्टला मिळेल आणि व्याजाच्या प्रोग्रामला काहीच मिळणार नाही. पार्म.स्टेप०२० असंच लिहा. रीजनचं (स्टेपला मिळणारी मेमरी) तसं नाही, ते नुसतं दिलं तरी सगळ्या स्टेपना लागतं.