मेंदू चहाड्यांनी वाढला म्हणे!

आडवातिडवा: काल इथे कुणीतरी ठोकून दिलं, "माणसाचा मेंदू चहाड्या करून करून वाढला, एकलकोंडे उत्क्रांतीत मागेच राहिले." तेव्हापासून डोकं भणभणतंय. रॉबिन डनबार या ब्रिटिश संशोधकाने 1992 मध्ये नरवानरांच्या कळपांचा आकार आणि निओकॉर्टेक्सचं (मेंदूच्या बाहेरच्या थराचं) प्रमाण यांची सांगड घातली, त्यातून माणसाच्या कळपासाठी साधारण दीडशे जणांचा आकडा आला. 2021 मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी तेच गणित पुन्हा केलं, तर एका पद्धतीने उत्तर 4 ते 520 मध्ये कुठेही! फासे टाकलेले बरे. शिवाय 2017 मध्ये 140 हून जास्त प्रजाती तपासल्या, तेव्हा मेंदूच्या आकाराचं नातं कळपापेक्षा आहाराशी घट्ट निघालं. पानं खाणाऱ्यांपेक्षा फळं खाणारे मोठ्या मेंदूचे.

गप्पीदास: "कुणीतरी" म्हणजे मी. फळांनी मेंदू पोसला असेल, पण वापरला कशाला? 2007 मध्ये अडीच वर्षांच्या मुलांना आणि चिंपांझींना एकसारखी कोडी घातली. वस्तू, जागा, मोजणी यांत जवळपास बरोबरी. दुसऱ्याचं पाहून शिकण्यात मुलं कितीतरी पुढे. माझी पुतणी पडली की आधी मान वर करून कोण बघतंय ते पाहते. कुणी नसलं तर गुडघा झटकून उठते. मी दिसलो की भोकाड!

सांजवेळ: पुतणीचं कौतुक पुरे. एकलकोंड्यांबद्दलचं आधी मागे घ्या. ऑफिसात अकरा वर्षं मला एकच शेरा, "कामात चोख, पण मिसळत नाही." मिसळणारे माझ्याच फायली मागायला येतात. ओरांगउटान बहुतेक वेळ एकटा असतो, म्हणून काय तो बिनडोक?

बोरूबहाद्दर: घोळ शब्दाचा आहे. पाठीमागे बोलणं ती कुचाळकी. चहाडी म्हणजे एकाची गोष्ट दुसऱ्याच्या कानात नेऊन ओतणं.

आडवातिडवा: आले शुद्धलेखनवाले. इथे मेंदूबद्दल बोलणं चाललंय.

बोरूबहाद्दर: दम धरा. कुचाळकीला नुसतं तोंड पुरतं. चहाडीला "मला माहीत आहे, त्याला नाही" हे कळावं लागतं. विमर आणि पेर्नर या मानसशास्त्रज्ञांच्या 1983 च्या प्रयोगातली गोष्ट: मुलगा चॉकलेट ठेवून बाहेर जातो, आई ते दुसऱ्या कपाटात हलवते. तो कुठे शोधेल? तीन वर्षांची मुलं नवं कपाट दाखवतात. चार-पाचच्या पुढे उलगडा होऊ लागतो.

सांजवेळ: माझा भाचा तीन वर्षांचा आहे, रोज चहाड्या करतो.

बोरूबहाद्दर: जिची करतो तिच्यासमोरच करत असेल.

सांजवेळ: ...हो.

गप्पीदास: म्हणजे माझा शब्द बरोबरच होता. आभार.

आडवातिडवा: शब्द बरोबर, उडी लांब. चहाडीला मेंदू लागतो एवढंच ठरलं, चहाडीने तो वाढला हे नाही.

गप्पीदास: असू दे. एकलकोंड्यांचं घेतो मागे. सांजवेळ, फायली कधी मिळतील?