मदत हवी आहे: एसयूव्हीला ट्रेलर जोडून बोरघाट चढताना इंजिन तापतं

नमस्कार मंडळी, मी ऐरोलीला राहतो. धाकट्या भावाने नाश्त्याचा ट्रेलर बनवून घेतलाय, सामानासकट साधारण 900 किलोचा. माझ्या 2.2 लिटर डिझेल ऑटोमॅटिकने तो लोणावळ्याला न्यायचा असतो. पनवेलपर्यंत ओझं जाणवतही नाही. पण खोपोली सोडून जुन्या रस्त्याने घाट चढायला लागलो की शिंग्रोबाच्या देवळाच्या आसपास तापमानाचा काटा वर सरकतो. गिअर सारखे वरखाली होतात. मागच्या रविवारी एसी बंद करून 20 मिनिटं बाजूला थांबलो, तेव्हा काटा खाली आला. भावाची सगळी पुंजी त्या ट्रेलरमध्ये आहे, म्हणून जिवाला घोर लागतो.

कूलंट नवं आहे, रेडिएटर बाहेरून धुतलाय. डिझेलला कमी आरपीएमलाच (इंजिनचे फेरे कमी असतानाच) टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, मिळतो म्हणून मी वरच्या गिअरवर रेटत होतो. बहुतेक तिथेच चुकतंय. मॅन्युअल मोडमध्ये दुसरा गिअर धरून ठेवावा का? गिअरबॉक्सला वेगळा ऑइल कूलर ठाणे-नवी मुंबईत कोण नीट बसवून देतं? आणि उतरताना नुसत्या इंजिन ब्रेकिंगवर (खालच्या गिअरने वेग आवरण्यावर) भागेल, की ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लावूनच घ्यावेत? घाटात ट्रेलर ओढणाऱ्यांनी कृपया सांगा. शनिवारी पुन्हा निघायचंय.