पोट्ट्याचा फॉर्म गेला की कूलर नडला? सोसायटी ग्रुपवरची रविवार रात्रीची चर्चा

सेक्रेटरी: नमस्कार. डी विंगमधल्या आपल्या चिरंजीवांनी विदर्भ पातळीवरच्या नाइन-बॉल पूल स्पर्धेत सेमीफायनल गाठली. सोसायटीतर्फे हार्दिक अभिनंदन 💐 उद्या पाण्याचा टँकर १० वाजता.

ए-२०१ काकू: अभिनंदन! टँकर १० म्हणजे नेहमीसारखा १२ ला का?

बी-४०२ काका: अभिनंदन आहेच. पण सेमीफायनल ३–७? क्वार्टरफायनलसुद्धा ५–४ अशी रडतखडत काढली म्हणे. दिवाळीत हाच पोरगा कुणाला उभं राहू देत नव्हता. फॉर्म गेला, दुसरं काय.

डी-५०४ (बाबा): काका, मी बी तेच विचारून राहिलो त्याले. काही बोलूनच नाही राहिला. जेवला अन् खोलीत गेला.

सी-१०३ (मी): मी शनिवार-रविवार तिथंच होतो, रॅकवार (रॅक म्हणजे एक डाव) स्कोअर लिहीत. फॉर्म गेला म्हणणाऱ्यांपैकी किती जण आले होते, हात वर करा.

बी-४०२ काका: यायला कशाला लागतं? स्कोअर दिसतो की.

सी-१०३ (मी): स्कोअरमध्ये कूलर दिसतो का काका?

ए-२०१ काकू: कूलर मध्येच कुठून आला?

सी-१०३ (मी): सेमीफायनलचं टेबल कूलरच्या अगदी तोंडासमोर होतं. शनिवारी रात्री मृगाचा पाऊस पडून गेला, हवा आधीच दमट. त्यात हा भला मोठा कूलर दिवसभर ओली हवा टेबलावर सोडत होता. कापडानं ओल धरली की बॉल रखडतो. शनिवारी जेवढ्या जोरात व्हाईट, म्हणजे क्यूनं मारायचा पांढरा बॉल, दोन कुशन घेऊन (टेबलच्या काठाला दोनदा आपटून) पोझिशनला येत होती, तेवढ्याच जोरात रविवारी ती हातभर अलीकडे थांबत होती. आपल्या पोट्ट्याचा हात हलका. तो व्हाईट लोळवत नेतो, पुढच्या बॉलपाशी नेमकी उभी करतो. अमरावतीचा तो डावखुरा सगळं ठोकून खेळतो. ओल्या कापडानं मार कुणाला बसणार, सांगा.

डी-५०४ (बाबा): मंग बंद करा म्हनाचं ना कूलर, बाप्पा!

सी-१०३ (मी): म्हटलं. पाच मिनिटं बंद केला तर पब्लिक उठून चहाला गेली.

बी-४०२ काका: कूलर दोघांनाही सारखाच. आमच्या क्लबात टेबल सांभाळणारा मार्कर कापडाला इस्त्री करायचा, तेव्हा कुठे टेबलला हात लावायची परवानगी मिळायची. आणि खरं सांगू का, मी स्नूकरवाला माणूस. आपल्या शेजारी जबलपूरला १८७५ मध्ये जन्मलेला खेळ. तिथं नशिबाला जागा कमी. तुमच्या नाइन-बॉलमध्ये कुठल्या तरी बॉलला मारा, ९ नंबर भटकत आत गेला की जिंकलात. आजची फायनल तशीच संपली ना?

सी-१०३ (मी): कुठल्या तरी बॉलला नाही काका. टेबलवर जो सर्वांत लहान नंबर असेल त्यालाच व्हाईट आधी लागली पाहिजे, नाहीतर फाऊल. फाऊल झाला की समोरच्याच्या हातात व्हाईट, कुठंही ठेवा. आज शेवटच्या रॅकला २ आणि ९ एका रेषेत कोपऱ्याकडे तोंड करून उभे होते. डावखुऱ्यानं २ ला मारलं, २ जाऊन ९ ला लागला, ९ आत. त्याआधी तो टेबलला अर्धी चक्कर मारून वाकून बघून आला होता. ज्याला हे दिसतं त्याच्याच वाट्याला असलं नशीब येतं. ठरवून न मारलेला बॉल डोळ्यांना खुपत असेल तर टेन-बॉल बघा, तिथं बॉल आणि पॉकेट आधी सांगावं लागतं.

बी-१०१ सर: मी यात पडणार नव्हतो, पण एक हिशोब मांडतो. पूलमध्ये फार्गोरेट नावाची रेटिंग पद्धत आहे. दोघांत १०० गुणांचा फरक म्हणजे वरचा खेळाडू २ गेम जिंकेल तेव्हा खालचा १ जिंकेल. हा फरक बराच मोठा झाला. तरी ५ पर्यंतच्या सामन्यात खालचा खेळाडू साधारण ७ पैकी १ वेळा बाजी मारतो. सामना ७ पर्यंत नेला तर १० पैकी १ वेळा. हे आत्ताच वहीवर काढलं, कुणाला तपासायचं असेल तर फोटो टाकतो. आणि आपल्या मुलात नि अमरावतीच्या मुलात तर एवढंही अंतर नसावं. त्या पद्धतीत २०० गेम नोंदले गेल्याशिवाय रेटिंग पक्कं धरत नाहीत. आपण १० रॅकवर निकाल देऊन मोकळे.

ए-२०१ काकू: सर, तुम्ही वर्गात हे असं शिकवलं असतं तर आमचा मोठा गणितात दोनदा बसला नसता.

सी-२०४ भाऊ: अबे आकडे सोडा. मी बी होतो आज. ब्रेकवर, म्हंजे रॅकच्या पहिल्या फटक्याले, एक बॉल पडून नव्हता राहिला त्याचा. दणकन आवाज, अन् पॉकेट रिकामं. याले फॉर्म नाही तर काय म्हणता?

सी-१०३ (मी): भाऊ, मुद्दा हाच आहे, पण वेगळ्या कारणासाठी. मोठ्या स्पर्धांत बॉलखाली पातळ टेम्प्लेट ठेवतात, त्यावर नऊ बॉल एकमेकांना घट्ट चिकटून बसतात. मग ब्रेकवर ९ च्या डाव्या-उजव्या बाजूचा बॉल, ज्याला विंग बॉल म्हणतात, तो कोपऱ्यात जायची शक्यता खूप वाढते. इतकी की नामांकित स्पर्धांत आता १ च्या जागी ९ नंबर टेबलवरच्या खुणेवर (स्पॉटवर) ठेवून रचलेले सगळे बॉल पुढे सरकवतात, म्हणजे विंग बॉल फुकट मिळू नये. आपला पोट्टा टेम्प्लेटवर सराव करतो. बाजूनं, कुशनजवळून ब्रेक घेतो, विंग बॉलवर डोळा ठेवून. इथं होता जुना प्लॅस्टिकचा त्रिकोण. बॉलमध्ये फटी राहायच्या, ब्रेकची ताकद त्या फटीतच मरायची. त्यानं दुसऱ्या-तिसऱ्या रॅकलाच बाजू बदलून समोरून मारायला हवं होतं. डावखुऱ्यानं पहिल्या रॅकनंतरच बदलली. हात दोघांचेही चालत होते, डोकं मात्र एकाचंच चाललं. आणि ब्रेक आळीपाळीनं असल्यामुळं दर दुसऱ्या रॅकला याचा फटका बसत गेला.

डी-५०४ (बाबा): अन् ते आठव्या रॅकचं काय? टेबलवर सात बॉल बाकी असतानाच पंचानं रॅक त्या पोट्ट्याले देऊन टाकला. मी तिथं भांडणारच होतो.

सी-१०३ (मी): बरं झालं नाही भांडलात. लागोपाठ तीन फाऊल झाले की रॅक गेला, नियमच आहे. माझ्या मते अख्ख्या स्पर्धेतला सर्वांत देखणा रॅक तोच होता, फक्त तुम्ही बापाच्या नजरेनं बघत होता. डावखुऱ्यानं व्हाईट ७ आणि ८ च्या मागं नेऊन लपवली, ३ सरळ दिसेना. आपल्यानं किक मारली, म्हणजे व्हाईट कुशनवर आपटून ३ ला गाठायला गेला, चुकली. व्हाईट हातात आली तरी त्या पोरानं पुढचे बॉल मारले नाहीत, कारण ६ आणि ९ चिकटून बसले होते, मध्येच अडकला असता. त्यानं परत व्हाईट लपवून कुलूप लावलं. दुसरी किकही गेली. पंचानं मोठ्यानं सांगितलं, दोन फाऊल झाले. तिसरी किक मात्र काय मारली पोट्ट्यानं! दोन कुशन घेऊन बरोब्बर ३ ला लागली. पण लागल्यावर कुठला तरी एक बॉल कुशनला जावा लागतो किंवा पॉकेटात पडावा लागतो. ३ नंबर कुशनच्या चार बोटं अलीकडे थांबला. आता परत कूलरचं नाव काढलं तर काका रागावतील.

बी-४०२ काका: रागावत नाही. हे कुलूप लावणं मात्र ऐकायला बरं वाटलं. हे म्हणजे स्नूकरच झालं. व्हाईट हातात असताना मोह आवरून परत सेफ्टी, म्हणजे बचावाचा शॉट, खेळणारा मुलगा? वय काय त्याचं?

सी-१०३ (मी): एकोणीस-वीस असेल.

बी-४०२ काका: बघा. आणि आपला २६ चा. या वयात जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

सी-१०३ (मी): काका, फिलिपिन्सचा एफ्रेन रेयेस १९९९ मध्ये नाइन-बॉलचा जगज्जेता झाला तेव्हा चाळिशी ओलांडून बसला होता. आणि २००५ मध्ये तैवानचा वू जिआचिंग सोळाव्या वर्षी जगज्जेता झाला. वयाचा काटा कुठं लावता? त्या २००५ च्या फायनलमध्ये वू १२–१६ असा मागे होता, समोरच्याला एकच रॅक हवा होता. सलग पाच काढून १७–१६ नं जिंकला. आपल्याकडे सेमीफायनल ७ लाच संपते. १७ पर्यंत खेळवली असती तर मी पैज लावली असती.

बी-१०१ सर: पैज लावू नका. पण लांब सामन्याचं बरोबर आहे.

ए-२०१ काकू: मला पूलमधलं काही कळत नाही. पण आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखनं २०२५ मध्ये बुद्धिबळाचा महिला वर्ल्ड कप जिंकला, तेव्हा हम्पीविरुद्धची फायनल टायब्रेकपर्यंत गेली होती. तेव्हा कोणी म्हणालं का, पहिल्या दोन डावांत जिंकली नाही म्हणजे फॉर्म गेला? पोरगं ५–४ नं जिंकलं तर जिंकलंच ना!

बी-३०३ आजोबा: सुप्रभात. आनंदी राहा, हसत राहा 🙏

सी-२०४ भाऊ: आजोबा, रात्रीचे साडेनऊ वाजून राहिले.

डी-२०२ वहिनी: त्या वर्ध्याच्या मुलीबद्दल कोणीच कसं बोलत नाही? माझा भाऊ पाहायला गेला होता, तो तिचंच कौतुक करतोय.

सी-१०३ (मी): वहिनी, मनातलं बोललात. या स्पर्धेत फॉर्मवर कुणाला मार्क द्यायचे तर मी तिला देईन, क्वार्टरला हरली तरी. तिच्याकडे ताकदीचा ब्रेक नाही, ते तिला पक्कं माहीत आहे. मग ती पुश-आऊट इतकं शहाणपणानं वापरते की बस. ब्रेकनंतरच्या पहिल्या शॉटला पुश-आऊट असं सांगून व्हाईट हवी तिथं नेता येते, कुठल्याच बॉलला नाही लागली तरी चालतं. मग समोरच्यानं ठरवायचं, तिथून स्वतः खेळायचं की तिलाच परत द्यायचं. ती व्हाईट अशा जागी ठेवते की समोर एक लांबचा, बारीक कट दिसतो. पोरांना राहवत नाही. मारायला जातात, चुकवतात, आणि ती निवांत येऊन टेबल साफ करते. शनिवारी दोघांना तिनं असं घरी पाठवलं. क्वार्टरला जो आला तो चंद्रपूरचा जुना खेळाडू, त्यानं प्रत्येक वेळी हसून तिलाच परत दिलं. तिथं संपलं.

बी-४०२ काका: पुढच्या वेळी ती खेळणार असेल तर मला सांग. गाडी मी काढतो.

सी-२०४ भाऊ: काका, नाइन-बॉल बघाले? तुम्ही?

बी-४०२ काका: डोकं बघायला.

डी-५०४ ज्युनिअर: मी झोपलो नाही, सगळं वाचून राहिलो. बाबा, तुम्ही ग्रुपवर "जेवला अन् खोलीत गेला" वगैरे टाकत जाऊ नका प्लीज.

ए-२०१ काकू: आला रे आला! बाळा, तू सांग, कूलर की फॉर्म?

डी-५०४ ज्युनिअर: काकू, तो डावखुरा चांगला खेळला, एवढंच. दादा कूलरचं म्हणतो ते आहे, पण दुसऱ्या रॅकनंतर मला कळलं होतं की टेबल जड आहे. कळून हातात यायला वेळ लागतो. त्याच्या गावच्या पार्लरला एसी नाही, तो वर्षभर तसल्याच टेबलवर खेळतो. मला ९ फुटी टेबल आठवड्यातून एखाद्या दिवशी मिळतं, बाकी दिवस ८ फुटी. ८ फुटीवर लांबचे शॉट वाट्यालाच येत नाहीत. तासाचे पैसे वेगळे.

बी-४०२ काका: क्लबात ये माझ्याबरोबर. १२ फुटी स्नूकर टेबलवर महिनाभर खेळ, मग ९ फुटी अंगणाएवढं वाटेल.

डी-५०४ ज्युनिअर: येतो काका, पण तिथले बॉल लहान, पॉकेटची तोंडं गोल, क्यूची टिप बारीक. नजर सुधारेल, हात बिघडेल.

सी-२०४ भाऊ: अबे मंग आपल्या क्लबहाऊसमध्येच टेबल टाका नं! कॅरम तसाच धूळ खाऊन राहिला.

सेक्रेटरी: क्लबहाऊसचा हॉल २२ फूट बाय १५ फूट आहे. माहितीसाठी.

सी-१०३ (मी): ९ फुटी टेबलला चारी बाजूंनी क्यू मोकळा फिरायला साधारण १८ बाय १४ लागतं. बसतं की!

डी-५०४ (बाबा): स्लेटचं टेबल चार-पाचशे किलोचं येते. हॉल तळमजल्यावर आहे म्हणून बरं.

ए-२०१ काकू: एक मिनिट. हळदीकुंकू कुठे करायचं? भिशी? श्रावणातला सत्यनारायण?

सी-२०४ भाऊ: टेबलवर प्लायवूड टाकू काकू, वर चौरंग.

ए-२०१ काकू: पुरोहितांना तू सांग मग, पूजा पूलच्या टेबलावर आहे म्हणून.

सेक्रेटरी: हा विषय सर्वसाधारण सभेचा आहे. कृपया लेखी अर्ज द्यावा, त्यावर किमान दहा सभासदांच्या सह्या हव्यात. टेबलचा खर्च, विजेचं बिल आणि एसी की कूलर हेही त्यात स्पष्ट लिहावं.

सी-१०३ (मी): एसी.

डी-५०४ ज्युनिअर: एसी.

बी-४०२ काका: एसी. आणि कापडाला इस्त्री.

ए-२०१ काकू: द्या अर्ज. विरोधात पहिली सही माझी. आणि पास झालाच तर सोमवार-गुरुवार दुपार महिलांची, आत्ताच लिहून घ्या. त्या वर्ध्याच्या मुलीला शिकवायला बोलवा.