'फक्त एन्जॉय करा' म्हणणाऱ्यांनो, जरा थांबा

होटगी रोड ४२: परवा आपल्या सोलापूरच्या पळणाऱ्यांच्या या ग्रुपवर एकाने लिहिलं, "जानेवारीत मुंबईला पहिली फुल मॅरेथॉन पळणाऱ्यांनो, भीती फक्त मनात असते. घड्याळ घरी ठेवा, अपेक्षा ठेवू नका, एन्जॉय करा." खाली अंगठ्यांची रांग. माझं डोकं फिरलं, म्हणून हा वेगळा धागा.

भीती मनात असते म्हणे! २०१९ ला माझी पोटात होती. पहाटे तीनला लॉजवर चौथ्यांदा संडासला जाऊन आलो. बिब, म्हणजे छातीवरचा नंबर, लावायच्या चार पिनांपैकी दोन थरथरत्या हातातून निसटून पलंगाखाली गेल्या, आणि मी गुडघ्यावर बसून मोबाईलच्या उजेडात त्या शोधतोय. तेव्हा कुणी "एन्जॉय कर" म्हणालं असतं तर मोबाईलच फेकून मारला असता.

मला सावरलं ते गणिताने. हाफ, म्हणजे २१ किलोमीटर, २ तास १० मिनिटांत झाली होती. तिची दुप्पट, वर वीस मिनिटं, झाले ४:४०. आपल्या कोरड्या हवेत घाम वाळतो, मुंबईत नुसता निथळतो, त्याचे आणखी वीस. म्हणजे पाच तास, किलोमीटरला सात मिनिटांच्या जरा वर. आकडा ठरला आणि दीड तास का होईना, झोप लागली.

आणि अपेक्षा ठेवू नका म्हणजे काय? चार महिने पहाटे कुत्री चुकवत पळालेला माणूस अपेक्षा ठेवणारच की.

पहाटवारा: तो 'एक' म्हणजे मीच. नाव घेऊन लिहायचं होतं, घाबरलात काय?
माझ्या मित्राने असाच आकडा ठरवला होता, साडेचार तास. पहिले दहा किलोमीटर ५८ मिनिटांत मारले. बत्तिसाव्याला फुटपाथवर बसून लहान पोरासारखा रडला. परत बूट घातले नाहीत त्याने. म्हणून लिहिलं मी. तुमचं गणित तुमच्यापाशी.

होटगी रोड ४२: मालक, ४:३० साठी किलोमीटरला ६:२४ लागतात. तुमचा मित्र ५:४८ ने सुटला. त्याने घड्याळ बघितलं असतं तर वाचला असता! गर्दी, ढोल, टाळ्या, त्यात सुरुवातीला प्रत्येकाला पंख फुटतात. पाय भरलेले नसतात, साठवलेली साखर शाबूत असते. तिसाव्या किलोमीटरनंतर ती संपते, आणि परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ उभाच असतो. आपल्या सपाट सोलापुरात त्याची सवय कुठून येणार?

सुईदोरा: दोघांनाही एक सांगते, दवाखान्यात काम करते म्हणून. घाबरलेला माणूस वाटेतल्या दर टेबलावर पाणी ढोसतो. चार-पाच तास नुसतं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, चक्कर, उलट्या, क्वचित जिवावरही बेततं. तहान लागेल तसं प्या, मिठाचं काहीतरी सोबत ठेवा.

शेंगाचटणी: पाणी जास्त होतंय म्हणे! ताई, आमच्या भागात चार-पाच दिवसांनी येतं, तेही पहाटे. माझा ३० किलोमीटरचा लाँग रन दोनदा मोडला तो पाण्याच्या दिवसामुळे. इथले सगळे पुरुष ऐटीत लिहितात 'पहाटे चारला उठलो'. हंडे कोण भरतं तेव्हा? भीती कशी घालवायची यावर धागे निघतात, मोटर कोण लावणार यावर नाही.

होटगी रोड ४२: …आमच्याकडे बायको भरते. मान्य. पुढे बोला.

विजापूर वेस: सगळे मूळ मुद्दा सोडून बोलायला लागलेत. ही मॅरेथॉन येते गड्ड्याच्या, म्हणजे आपल्या सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत. आपल्या सातही नंदीध्वजांचे, त्या उंच काठ्यांचे, मानकरी आधी किती दिवस सराव करतात बघा. ६८ लिंगांची प्रदक्षिणा करतात. त्यांना कुणी 'एन्जॉय करा' म्हणतं का? ना एनर्जी जेलची पाकिटं, ना दहा हजाराचे बूट.

पहाटवारा: झालं, आणलं सिद्धरामेश्वरांना. ती सेवा आहे. मेडलसाठी पैसे भरून पळणं आणि काठी पेलणं एका पारड्यात घालू नका. वाईट वाटतं.

विजापूर वेस: पारड्यात मी घातलंच नाही. सरावाबद्दल बोललो. तुम्हाला वाईट वाटायला कारणच लागत नाही.

पहाटवारा: का बे, सरळ बोलता येत नाही का? दोन वर्षं पळून शहाणा झालास.

बाराबंदी: मी काठी धरतो. आजोबा धरायचे, आता आम्ही. दोघांनी आमच्या नावाने भांडू नये. आणि हाफही एकदा पळालोय, म्हणून बोलतो.
बारावं वर्ष आहे, तरी आदल्या रात्री झोप येत नाही. वर बघितलं की टोक हलताना दिसतं, हाताला घाम सुटतो. आमचे म्हातारे 'भिऊ नको' कधीच म्हणाले नाहीत. ते म्हणायचे, "वर बघू नको, पाय बघ, आणि पुढच्याला सोडू नको." बस. 'हर्र बोला हर्र' झालं की भीती राहते, पण काम सुरू होतं. आदली रात्र झोपेविना गेली तर जाऊ द्या, तिच्या आदल्या रात्री झोपा.

विजापूर वेस: हे तुम्ही आधी लिहायला पाहिजे होतं. मी गप्प.

पहाटवारा: पहिल्यांदाच.
बरं, घड्याळ घरी ठेवा हे मागे घेतो. पण पहिल्या दहा किलोमीटरला ते फक्त हळू जाण्यासाठी बघायचं. आकड्याच्या मागे धावायला नाही. एवढं तरी कबूल कराल?

होटगी रोड ४२: मी पहिल्यापासून तेच सांगतोय. पण असो, तुमच्या तोंडून आलं म्हणजे ऐंशी अंगठे मिळतील.

सुईदोरा: सोडियमचं कुणी वाचलं का?

शेंगाचटणी: वाचलं ताई. रविवारी ३२ करायचंय, मीठ-साखरेची बाटली भरून ठेवलीये. आता फक्त पाणी शनिवारी येऊ दे, रविवारी नको. होटगी रोडवाले, रविवारी आलं तर तुम्ही घरी थांबणार का?

होटगी रोड ४२: बघतो.

शेंगाचटणी: 'बघतो' म्हणे. बायकोला विचारून सांगा.