बदलीचं गाव, दोघांचं बिऱ्हाड : तुमचे अनुभव सांगा

पुढच्या महिन्यात आमचं बिऱ्हाड नाशिकहून हैदराबादला हलतंय. बदली नवऱ्याची, नोकरी सोडणार मी. सामान हलवणारे, भाड्याचे दर, कोणता भाग बरा ही माहिती मिळते, त्यासाठी हा चर्चेचा धागा काढलेला नाही. ज्याच्या नोकरीसाठी गाव बदलतं त्याला पहिल्याच सोमवारी टेबल, ओळखपत्र आणि चहाला चार माणसं मिळतात. दुसऱ्याच्या वाट्याला रिकामं घर आणि ‘गॅस कधी येणार’ हा प्रश्न. हे अंतर तुमच्या घरात कसं होतं? कशाने कमी झालं, की झालंच नाही? भांडणं कशावरून झाली? कराराच्या कागदावर नाव कोणाचं होतं? जे घडलं ते लिहा, बारीकसारीक तपशिलांसकट. फक्त ‘हळूहळू होतं सगळं’ एवढं लिहू नका. आई रोज फोनवर तेच सांगते.

बंगळुरू (मूळ सातारा)

आमच्याकडे उलटं. नोकरी बायकोची, व्हाइटफील्डकडे. मी घरून लोकांचे हिशेब बघतो, तेव्हा मला साताराही चाललं असतं आणि बंगळुरूही. पण घर शोधताना प्रत्येक मालक तिच्याशी एक वाक्य बोलायचा आणि मग माझ्याकडे वळून ‘सर, कौनसी कंपनी?’ असं विचारायचा. कंपनी नाही म्हटलं की चेहरा पडायचा. इथे डिपॉझिट पाच-सहा महिन्यांच्या भाड्याइतकं मागतात, जुने मालक दहा महिन्यांचंही. आणि घर सोडताना रंगाचे म्हणून एक महिन्याचं भाडं कापायचं, हे जवळजवळ ठरलेलंच. ती सगळी रक्कम बायकोच्या खात्यातून जाणार आणि करार मात्र मालकाला माझ्या नावावर हवा! एचआरए, म्हणजे पगारातला घरभाडे भत्ता, तिला दाखवायचा होता, म्हणून शेवटी दोघांची नावं घालून घेतली. ही गोष्ट मालकापेक्षा माझ्या वडिलांना समजावणं जड गेलं.

शहर आधी कळलं ते मला, कारण मी घरी होतो. पाणी कावेरीचं की बोअरचं, ते कोणत्या दिवशी येतं, खाली संपमध्ये, म्हणजे जमिनीखालच्या टाकीत, किती उरलंय, टँकरवाल्याला किती वाजता फोन लावला तर तो उचलतो, हे सगळं माझ्याकडे. २०२४च्या उन्हाळ्यात बोअर आटले तेव्हा आमच्या बिल्डिंगमधल्या सगळ्यांशी माझी ओळख झाली ती टँकरच्या पाइपाशेजारी उभं राहून. बायको तोपर्यंत शेजाऱ्यांना ‘हाय’च्या पुढे ओळखत नव्हती. तिला वाटायचं, मी मजेत आहे. मला वाटायचं, हिला निदान जेवायला सोबत आहे. दोघांचंही थोडं खरं होतं. यावरून झालेली भांडणं इथे लिहीत नाही, ती पाण्यावरून झाली असंच आम्ही घरी सांगतो.

एक गंमत. जून २०२३पासून इथे बायकांना साध्या सरकारी बसचा प्रवास फुकट आहे, पण ओळखपत्रावर कर्नाटकचा पत्ता लागतो. तिने त्यासाठी आधारवरचा पत्ता लगेच बदलून घेतला. कंडक्टर तिला शून्य रुपयाचं तिकीट फाडून देतो आणि मला पैशांचं. तिचा पत्ता बंगळुरूचा, माझा अजून साताऱ्याचा. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बसवनगुडीला शेंगदाण्यांची जत्रा भरते, कडलेकाई परिशे. पंचांग आपलंच असल्यामुळे तारीख शोधावी लागत नाही. तिथे मात्र दोघं मिळून जातो, अगदी न चुकता.

गॅसबद्दल एवढंच

धागाकर्तीने गॅसचं नाव काढलंय म्हणून लिहितो. दुसऱ्या शहरात जाताना सिलिंडर आणि रेग्युलेटर जुन्या एजन्सीत जमा करायचे, शेगडी आणि पासबुक जवळ ठेवायचं. अनामत परत मिळते आणि ट्रान्सफर व्हाउचर देतात. ते नव्या गावच्या एजन्सीत दाखवायचं, नवी अनामत भरायची. कनेक्शन ज्याच्या नावावर त्याची सही लागते. आमच्याकडे ते सासऱ्यांच्या नावावर निघालं आणि ते चिपळूणला. बाकी काय झालं असेल ते समजून घ्या. इंडक्शन शेगडी मात्र चांगली निघाली.

म्युनिक (मूळ चिंचवड)

आमचं लग्न झालं आणि दोन महिन्यांत मी इथे आले. नवरा आधीपासून इथे होता, म्हणजे त्याची वाट मळलेली. त्याच्याकडे ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणारा परवाना, असल्यामुळे मला व्हिसासाठी जर्मनची परीक्षा द्यावी लागली नाही आणि आल्याबरोबर नोकरीची परवानगीही होती. सगळे म्हणाले, किती सोपं झालं! पण परीक्षेची सक्ती नव्हती म्हणून मी जर्मन शिकले नव्हते, आणि माझ्या कामात, म्हणजे पेशंटशी बोलायच्या कामात, जर्मनशिवाय दारही उघडत नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे.

इथे राहायला आल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते, तिला आनमेल्डुंग म्हणतात. घरमालकाची सही असलेला कागद लागतो. त्या कागदाशिवाय बँक खातं, कर-क्रमांक, सगळं अडतं. ते नवऱ्याने सुट्टी काढून सोबत येऊन केलं. मग आम्ही निवांत, आणि मला येणारी पत्रं काही येईनात. बँकेचं कार्ड नाही, विम्याचं पत्र नाही. शेवटी शेजारच्या आजींनी खाली नेऊन पत्रपेटीकडे बोट दाखवलं. पेटीवर फक्त नवऱ्याचं आडनाव होतं. मी माझं माहेरचं आडनाव ठेवलंय. इथे पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र टाकत नाही, परत पाठवतो. त्या दिवशी संध्याकाळी मी कागदाच्या पट्टीवर ठळक अक्षरात नाव लिहून चिकटवलं, बेलवर पण. नवऱ्याने नंतर नीट छापील पट्टी मागवली, पण ती कागदाची काढू दिली नाही मी.

इतर गोष्टी थोडक्यात. घर पाहताना भाडं दोन प्रकारचं सांगतात, थंड आणि गरम. गरममध्ये हीटिंग आणि इतर खर्च धरलेला असतो. डिपॉझिट थंड भाड्याच्या तीन पटींपेक्षा जास्त घेता येत नाही आणि कायद्याने ते तीन हप्त्यांत देता येतं. पुष्कळ घरांत स्वयंपाकघरच नसतं, म्हणजे खोली असते, ओटा-सिंक-कपाटं काही नाही. आधीचे भाडेकरू ते विकून जातात. रेडिओ-टीव्हीची फी घरामागे एकच, १८.३६ युरो महिना, माणशी नाही. नोंदणी झाल्यावर दोघांना वेगवेगळी पत्रं आली तर घाबरून दोनदा भरू नका. हिवाळ्यात खिडक्या दिवसातून दोन-तीनदा सताड उघडायच्या, नाहीतर भिंतीला बुरशी धरते. आपला भात-वरणाचा कुकर रोज वाफ सोडत असेल तर हे जास्तच सांभाळावं लागतं. आणि रविवारी दुकानं बंद. रविवार हा माझा सगळ्यात वाईट वार होता, कारण नवरा घरी असूनही जायला जागा नाही असं वाटायचं. आता नदीकाठी चालायला जातो. जर्मन बी-टूपर्यंत, म्हणजे मधल्या-वरच्या पातळीपर्यंत, आलंय. पदवीच्या मान्यतेची फाइल चालू आहे.

डोंबिवली (मूळ कोल्हापूर)

वरच्या सगळ्यांना हात जोडून सांगते, आमच्याकडे दोघांनाही नोकरी, भाषा मराठीच, तरी पहिलं वर्ष मी रडत काढलं. फोर्टला ऑफिस. कल्याणहून येणारी फास्ट डोंबिवलीत येते तीच भरून. मग बायका उलट्या कल्याणला जाऊन बसून येतात, किंवा डोंबिवलीहून सुटणारी लोकल धरतात. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, नवऱ्याला काय विचारणार, तो भिवंडीला बाइकने जायचा. लेडीज डब्यातल्या एका ग्रुपने मला तिघींच्या बाकावर चौथ्या सीटवर टेकायला दिलं आणि मग संक्रांतीला चालत्या गाडीत हळदीकुंकू झालं. त्यानंतर मुंबई माझी. नवऱ्याला या शहरात अजून एक मित्र नाही. कोल्हापूरला परत जाऊ, असं दर पावसाळ्यात म्हणतो.

इंदूर (मूळ जळगाव)

आम्हाला काही त्रास झाला नाही. पोहे मिळाले, त्यावर शेव मिळाली, घरमालकीण मराठीत बोलली. फक्त कचरा! ओला, सुका आणि वर आणखी प्रकार वेगळे द्यायचे, गाडी गाणं लावून दारात येते आणि मिसळलेला असेल तर घेत नाही. गाणं ऐकू आलं की नवरा अजूनही दचकतो.

भिलाई (मूळ वर्धा)

तुम्हा मुलांचं वाचून मीही लिहिते, नातीने टाइप करून दिलंय. १९७४ साली लग्न होऊन मी भिलाईला आले. तेव्हा ते मध्य प्रदेशात होतं. इथल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ची, म्हणजे गावच मुळात आमच्याहून फारसं मोठं नव्हतं. सेक्टरमध्ये क्वार्टर मिळालं. एका बाजूला तमिळ, दुसऱ्या बाजूला बंगाली, समोर सरदारजी. तिथे जुनं गाव कोणाचंच नव्हतं, त्यामुळे परकंही कोणी नव्हतं. मला वाटतं, तुमच्या मोठ्या शहरांत हेच अवघड जात असेल. तिथले लोक आधीपासून आहेत.

यांची शिफ्ट दर आठवड्याला बदलायची. रात्रपाळीचा आठवडा असला की दिवसा घरात आवाज करायचा नाही, म्हणून ज्यांचे नवरे झोपलेले अशा आम्ही तिघी-चौघी दुसऱ्या एकीच्या व्हरांड्यात जमायचो. मी तिथे तमिळ शेजारणीकडून तांदळाचं पीठ आंबवायला शिकले, तिला थालीपीठ शिकवलं. गॅससाठी नंबर लावून वर्षं जायची, कोळशाची शेगडी होती. माहेरी ट्रंक कॉल करायचा तर पोस्टात जाऊन बसायचं, आणि लागला की ‘ऐकू येतंय का’ यातच वेळ संपायचा. त्यामुळे रडून सांगायची सोयच नव्हती. तुम्हाला रोज आईचा फोन येतो हे बरं की वाईट, मला ठरवता येत नाही. धागाकर्ती, पहिला महिनाभर तू थोडा कमी उचल.

म्हापसा, गोवा (मूळ सांगली)

बदली माझी, मी बँकेत आहे. नवरा सांगलीची पार्टनरशिप सोडून आला. इथे भाड्याचं घर मिळतं, पण ते पावसाळ्यात मिळतं. ऑक्टोबर लागला की पर्यटक येतात, तेव्हा मालकाला तीच खोली दिवसाच्या भाड्याने द्यायची असते. आम्हाला पहिलं घर असंच सोडावं लागलं. समुद्रापासून लांबच्या वस्तीत बघा, तिथे वर्षभराचं देतात.

नवरा आला तेव्हा इथल्या दुपारींनी वेडा झाला. एक वाजता दुकानं बंद, चारला उघडणार. सांगलीत दुपारी धंदा करणारा माणूस, त्याला कळेना की झोपायचं की काय. पण शुक्रवारच्या म्हापशाच्या बाजाराने त्याला धरलं. चोरीसाच्या, म्हणजे गोव्याच्या मसालेदार सॉसेजच्या माळा, गावठी मिरची, केळी, मडकी, सगळ्यांशी बोलत बसायचा, त्याची कोकणी माझ्याआधी सुटली. मे महिन्यात पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्यासाठीचा साठा, भरायचं हेही त्यानेच ठरवलं : सुकी मासळी, सोलं, मीठ, मिरची. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरना मासेमारीची बंदी असते, तेव्हा हाच साठा कामाला येतो. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, हॉर्न वाजवत येतो, त्याच्याकडून पोई हा पाव घेणं हे खातं नवऱ्याचं. मी अजूनही शाखेतल्या लोकांपलीकडे फारशी कोणाला ओळखत नाही. आणि माझी पुढची बदली दोन वर्षांत. तो आत्ताच म्हणतो, तू जा.

बंगळुरूवाल्यांना

गाडी नेली का? नेली असेल तर दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर नोंदणी बदलावी लागते. आधी जुन्या आरटीओची एनओसी, मग नव्या राज्याचा रोड टॅक्स, मग जुन्याच्या परताव्यासाठी अर्ज. वारंवार राज्य बदलणारी नोकरी असेल आणि गाडी नवी घेत असाल तर बीएच सिरीजचं, म्हणजे राज्य बदललं तरी चालणाऱ्या नोंदणीचं, बघा, २०२१पासून आहे. सगळ्यांना मिळत नाही, नोकरीच्या अटी आहेत.

गुरुग्राम, आता परत अमरावती

आम्ही रुळलो नाही. असंही होतं, म्हणून लिहिते. मी वकील. सनद महाराष्ट्र-गोव्याची असली तरी देशभर वकिली करता येते, त्यामुळे कागदावर अडचण शून्य. पण सनद सोबत येते, अशील येत नाहीत. अमरावतीत कोर्टाच्या आवारात पाय ठेवला की दहा जण नमस्कार करायचे. गुरुग्रामला एका मोठ्या वकिलांकडे फायली चाळत बसले, पस्तिसाव्या वर्षी. नवऱ्याचं उत्तम चाललं होतं. तो म्हणायचा, वेळ दे. मी दिला. मग त्यानेच एक दिवस नागपुरातल्या एका नोकरीचा अर्ज मला न सांगता भरला. आता तो सोमवारी पहाटे नागपूरला जातो, शुक्रवारी रात्री येतो. सासूबाईंच्या मते मी त्याचं नुकसान केलं. तो तसं म्हणत नाही, पण गुरुग्रामच्या मित्रांचे फोन आले की बाहेर जाऊन बोलतो.

आणि करारावरच्या नावाबद्दल विचारलंस म्हणून. आमचा करार त्याच्या एकट्याच्या नावावर होता. मालकाने रंग आणि एसीची दुरुस्ती दाखवून डिपॉझिट अडवलं. मी वकील, पण मी त्या करारात पक्षकारच नाही. नोटीस मीच लिहिली, त्याच्या वतीने. मालकाचं उत्तर आलं ते नवऱ्याच्या नावाने, ‘आपल्या वकिलांचा गैरसमज झालेला दिसतो’ असं.