पोळ्याच्या सुट्टीत म्हणे ‘हिडन जेम’ रामटेक

कर्पूर_बावडी
एक रील सगळ्या ग्रुपांत फिरून राहिली आहे. ‘नागपूरजवळची पाच हिडन जेम्स, पोळ्याच्या सुट्टीत नक्की जा.’ पाच कोणती? रामटेक, खिंडसी तलाव, पेंच व्याघ्र प्रकल्पातली सफारी, झिलपी तलावात डुंबणं आणि ‘हायवेच्या ढाब्यावर ऑथेंटिक सावजी’. आधी सोडून दिलं होतं. मग पुण्याच्या मावसभावानेही तीच पाठवली, वर ‘तुमच्याकडे एवढं आहे माहीतच नव्हतं’. आता लिहितोच.

रामटेक हिडन? नागपूरच्या निम्म्या शाळांची सहल तिथे जाते. गडाच्या पायऱ्यांवर वानराने ज्याच्या हातचा प्रसाद हिसकावला नाही असा नागपूरकर दाखवा. लपलेलं जे आहे, त्याच्यासमोरून हा गडी कॅमेरा बंद करून गेला. त्याच टेकडीवर केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह ही वाकाटक राजांच्या काळातली देवळं आहेत, दीड हजार वर्षांची. केवल नरसिंहाच्या भिंतीत शिलालेख आहे. वाकाटक राणी प्रभावतीगुप्ताच्या लेकीने आईच्या स्मरणार्थ हे देऊळ बांधलं, असं अभ्यासक त्यावरून सांगतात. उन्हातून आत गेलं की आधी काहीच दिसत नाही. मग हळूहळू तांबूस दगडाचा, एक पाय दुमडून ऐसपैस बसलेला नरसिंह समोर येतो. जवळच मनसरचं उत्खनन आहे, नगरधनचा किल्ला आहे. रीलमध्ये काय, तर ड्रोन फिरवला आणि थेट खिंडसीच्या बोटीत.

पेंचचं तर विचारूच नका. १ जुलै ते ३० सप्टेंबर गाभा क्षेत्र बंद असतं. पोळ्याला सफारी कुठून करणार? आणि झिलपीत ‘मस्त डुबकी’! दर पावसाळ्यात आपल्याकडच्या तलावांत पोट्टे बुडतात. २०१७ च्या जुलैमध्ये वेणा जलाशयात नाव उलटली, नावेतली मुलं त्याआधी फेसबुक लाइव्ह करत होती. इतक्यात विसरलो?

सावजीवर वेगळं लिहीन. ढाब्यावरचा तो लाल तेलाचा तवंग म्हणजे सावजी नव्हे, एवढंच सध्या.

बर्डीवाला
भाऊ, पेंचच्या बफरमधले, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातले, काही गेट रस्ता बरा असला की पावसातही चालू असतात. अर्धवट माहितीवर भाषण नको.

कर्पूर_बावडी
बफर चालू असतं, मान्य. रीलमध्ये ‘बफर’ हा शब्द कुठे ऐकला ते सांगा. लोक सिल्लारीच्या गेटवर जाऊन उभे राहणार आणि तिथल्या वनरक्षकाशी हुज्जत घालणार.

सुनबाई_मानेवाडा
तुमचे वाकाटक थोर आहेत, दादा. पण घरातून निघताना माझ्यासमोर वेगळेच प्रश्न असतात. सासूबाईंचे गुडघे गेलेले, पोरगी चार वर्षांची. मागच्या हिवाळ्यात एका किल्ल्यावर गेलो, नाव घेत नाही. तटबंदी सुंदर, पाटी सुंदर, बाईमाणसाला जायला जागा कुठेही नाही. सासूबाईंना शेवटी तुरीच्या शेतात नेलं, मी ओढणी धरून उभी. त्यानंतर त्या आमच्याबरोबर कुठे यायलाच तयार नाहीत. रीलवाल्याने रिसॉर्ट दाखवलं तर त्याला नावं ठेवता. तिथे संडास असतो, पार्किंग असतं, पोरांना झोका असतो. तुमच्या ‘खऱ्या’ जागांच्या याद्या एकट्या बाइकवाल्या पुरुषांनी एकट्या बाइकवाल्या पुरुषांसाठी केलेल्या असतात.

पायवाट
ताई, टाळ्या. आणि बाई गाडी चालवत असेल तर अंधार पडायच्या आत परत, हेही जोडा.

कर्पूर_बावडी
संडासाचा मुद्दा बरोबर आहे. त्याबद्दल भांडायचं तर जागा सांभाळणाऱ्यांशी भांडा. नरसिंहाने काय केलं?

सुनबाई_मानेवाडा
नरसिंहाने काही नाही केलं. तुम्ही केलं. एवढा मोठा लेख लिहिला, त्यात ही एक ओळ बसली नाही.

गोळाभात
मुद्द्यावर या. तवंग म्हणजे सावजी नव्हे, मग सावजी काय ते तरी सांगा.

गोळीबार_चौक
मी सांगते, सावजी आम्हा विणकर कोष्ट्यांचं. हातमाग बसले तशा आमच्याकडच्या बायकांनी घरच्या पडवीत खानावळी काढल्या. रस्सा काळपट असतो, लाल नाही. जवसाचं तेल, भाजलेले मसाले पाट्यावर वाटलेले, दाटपणाला ज्वारीचं पीठ. मिरची असते, पण ती घशात न लागता मागून येते. माझी आजी रस्सा उतरवायच्या आधी पळीने तेल बाजूला सारून खालचा रंग बघायची. रंग पटला नाही तर पातेलं परत चुलीवर. हायवेवर मिळतं ते साधं मटण, त्यावर मिरचीपूड आणि अर्धी वाटी पामतेल. पाटीवर ‘सावजी’ लिहायला कोणाची परवानगी लागत नाही ना!

बर्डीवाला
जवसाचं तेल आता किती घरांत वापरतात, ताई? खरं सांगा. तुमच्याकडे तरी?

गोळीबार_चौक
सणाला वापरतो. रोज नाही. म्हणून त्या ढाब्याचं पामतेल सावजी होत नाही.

संत्र्याची_फोड
म्हणजे तुम्ही शेंगदाणा तेलात केलं की परंपरा आणि ढाबेवाल्याने पामतेलात केलं की पाप. वा रे वा.

गोळीबार_चौक
मसाला कोण करतो हा फरक आहे. घरी वाटलेला वेगळा, पाकीट फोडून टाकलेला वेगळा. तुम्हाला चव कळत नसेल तर तो माझा दोष नाही.

तिखटजीव
पाकिटाचाच मसाला वापरतो मी. खाणारे बोटं चाटतात. या लगेच, खाऊन दाखवा नि ओळखा.

गोळीबार_चौक
बोटं तर मीठ जास्त झालं तरी चाटतात.

पुणेरी_जावई
बाहेरून आलेला माणूस म्हणून विचारतो, एवढं तिखट खाऊन पदार्थाची चव कशी कळते?

तिखटजीव
आला. तुमच्याकडे भाजीत गूळ टाकून तिची चव कळते का बे?

पुणेरी_जावई
नम्रपणे विचारलं होतं. लग्नाला नऊ वर्षं झाली, सासुरवाडीत पहिल्या दिवशी खुराचा रस्सा वाढला आणि सगळं घर माझ्या तोंडाकडे बघत बसलं. आजही बघतात.

सुनबाई_मानेवाडा
😂 जावयाची परीक्षा. पास झालात का?

पुणेरी_जावई
दही मागितलं. अजून ऐकवतात.

गोळाभात
आमच्यासारख्या शाकाहाऱ्यांचं कोणी बोलेल का? नागपूरचं खाणं म्हटलं की मटण, मटण, मटण. पाटवडीचा रस्सा, पुडाची वडी, वडाभात, रोडगे नि वांग्याची भाजी, हे काय आकाशातून पडलं? आणि फिरायला जाऊन खायचंच असेल तर थांबा ना थंडीपर्यंत. शेतात बसून हुरडा खा, वांग्याचं भरीत खा. पोळ्यालाच बाहेर पडायची घाई का?

बर्डीवाला
घाई अशी की श्रावण संपतोय, काका. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीला, सावजीकडे रांग बघा.

कर्पूर_बावडी
मी रामटेकवर लिहिलं होतं. एवढ्या प्रतिक्रियांत नरसिंह कोणाला दिसला?

तिखटजीव
त्याला रस्सा वाढा, दिसेल.

कर्पूर_बावडी
फालतूपणा. याच्यामुळेच रीलवाल्यांचं फावतं. आपल्याला जागेपेक्षा ताट मोठं.

संत्र्याची_फोड
फावू द्या की. त्या रीलमुळे माझी भाची आयुष्यात पहिल्यांदा मोबाइल ठेवून म्हणाली, मला तिथे ने. खिंडसीची बोट का होईना. तुमचा लेख तिला वाचायला दिला असता तर ती घरीच बसली असती.

कर्पूर_बावडी
न्या. बोटीत बसवा. फक्त वर जाताना तिला दोन मिनिटं त्या देवळात न्या, एवढी मेहरबानी करा. आणि झिलपीत उतरू देऊ नका, हे मात्र गमतीत घेऊ नका.

संत्र्याची_फोड
झिलपीचं तुमचं शंभर टक्के. दोन मिनिटांचं बघू, वानरांनी जाऊ दिलं तर.

पायवाट
रात्र काढता आली तर पेंचकडेच काढा, सफारीचा हट्ट सोडून. २०२४ मध्ये पेंचला भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे तारे बघायला काळोख राखलेली जागा, म्हणून मान्यता मिळाली आहे. पोळ्याच्या अमावास्येला चंद्र नसतो.

बर्डीवाला
पोळ्याला ढग असतात, भाऊ.

पायवाट
मग ढग बघा. तिथे संडास आहे का, हे आधी सुनबाईंना विचारून सांगतो.

सुनबाई_मानेवाडा
मला नका विचारू, राहण्याच्या ठिकाणी फोन करून विचारा. आणि उत्तर इथे टाका, त्यावर ठरवीन.